जळालेला कोण, जाळणारा कोण?

प्रस्तावना

शहापूरहून मुरबाडकडे निघाले की भातसेच्या काठी सापगाव लागते. या पट्ट्यात, किन्हवली-डोळखांबपासून सरळगाव-टोकावड्यापर्यंत, ॲम्प्लिफायरला वर्षभर काम असते. पौषात म्हसाची यात्रा, उन्हाळ्यात हळदी आणि लग्ने, मधूनमधून हरिनाम सप्ताह, मग गणपती आणि नवरात्र. देवळावरचा भोंगा, भजनी मंडळाचा लहान सेट, बँजोवाल्यांची गाडी, डीजेचे रॅक यांचे आकार वेगळे आणि किमती वेगळ्या. आतले काम मात्र एकच असते. माइककडून किंवा मिक्सरकडून आलेला दुबळा सिग्नल घ्यायचा आणि स्पीकरचा पडदा हलेल एवढी ताकद त्याला द्यायची. ताकद जिथे दिली जाते तिथेच उष्णता होते, आणि जे जळायचे ते बहुतेक तिथेच जळते.

ही पुस्तिका त्या जळण्याविषयी आहे. आयटीआयमधून नुकती बाहेर पडलेली मुले, मंडपवाल्याच्या वायरी ओढता ओढता कथील लावायला शिकलेले कारागीर, गावात पंखे-मिक्सर दुरुस्त करत असताना एखादा ॲम्पही हाती घेणारे दुकानदार, हे तिचे वाचक. यांतल्या बहुतेकांचा हात चांगला असतो. गन नीट चालते, सांधा चकचकीत येतो, भाग काढताना पट्टी उखडत नाही. अडचण असते ती त्याच्या आधीची. झाकण उघडले, एक काळा पडलेला रेझिस्टन्स दिसला, त्याच्या जागी नवा लावला, स्विच दाबला आणि नव्यातूनही धूर निघाला. हा अनुभव ज्याला आला नाही असा कारागीर विरळाच.

पुस्तिकेचे सारे म्हणणे एका वाक्यात मावते. ॲम्प्लिफायरमध्ये जो भाग जळालेला दिसतो तो बहुधा बळी असतो, आणि ज्याने त्याला जाळले तो अनेकदा बाहेरून ठणठणीत दिसत असतो. म्हणून जळक्या भागाकडे आधी पुरावा म्हणून पाहायचे आणि मग सुटा भाग म्हणून. पोलीस पंचनाम्याआधी घटनास्थळावरची वस्तू हलवत नाहीत, तोच नियम इथे लावायचा. आधी पाहायचे, मग मोजायचे, मग लिहायचे आणि शेवटी गन गरम करायची.

जुन्या व्हॉल्व्हच्या सेटमध्ये हे शिकवावे लागत नव्हते. व्हॉल्व्हवर जादा भार आला की आतली प्लेट लाल होताना डोळ्यांना दिसायची आणि सेट बंद करायला वेळ मिळायचा. १९४७ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला. पुढे साठच्या दशकात ३०५५सारखे स्वस्त आणि दणकट पॉवर ट्रान्झिस्टर आले आणि व्हॉल्व्हचे सेट मागे पडत गेले. ट्रान्झिस्टरचा स्वभाव उलटा. त्याच्या आतली सिलिकॉनची चकती नखाहून लहान असते. मर्यादा ओलांडली की ती क्षणात वितळते आणि बाहेरच्या कवचावर ओरखडाही उमटत नाही. फ्यूजच्या तारेला तापून वितळायला वेळ लागतो, सिलिकॉन तेवढा थांबत नाही. म्हणून ट्रान्झिस्टरला वाचवण्यासाठी बसवलेला फ्यूज पुष्कळदा ट्रान्झिस्टर गेल्यानंतरच उडतो.

तरीही पहिली साक्ष फ्यूजचीच घ्यावी. काच स्वच्छ असेल आणि तार मधोमध शांतपणे तुटलेली असेल, तर भार थोडासाच जास्त होता पण बराच वेळ होता, किंवा फ्यूज जुना होऊन थकला होता. काचेला आतून काळा किंवा चंदेरी मुलामा चढला असेल, तर प्रवाह एकदम आणि प्रचंड वाहिला, म्हणजे पुढे कुठेतरी सरळ शॉर्ट आहे. अशा सेटमध्ये नवा फ्यूज टाकून ‘बघू तर’ म्हणणे हा निव्वळ खर्च आहे. आणि फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा गुंडाळलेला सापडला, तर ट्रान्सफॉर्मरपर्यंत सगळे तपासावे लागेल असे समजूनच गिऱ्हाइकाला अंदाज सांगावा.

फ्यूजनंतर नाक आणि डोळे. ट्रान्सफॉर्मरचे व्हार्निश जळाल्याचा वास, रेझिस्टन्सवरच्या रंगाचा वास आणि फुटलेल्या फिल्टर कंडेन्सरचा उग्र, मासळीसारखा वास हे तीन वास एकदा ओळखू आले की अर्धी वाट सरते. डोळ्यांनी पाहायच्या गोष्टी अशा: कंडेन्सरचा माथा फुगलेला आहे का, बुडाशी ओल आहे का, सिमेंटच्या पांढऱ्या रेझिस्टन्सला तडा गेला आहे का, पीसीबीचा रंग कुठे तपकिरी झाला आहे, पट्टी कुठे उडाली आहे. कंडेन्सर हलू नये म्हणून कारखान्यात लावलेला डिंक जुना झाला की काही सेटमध्ये तपकिरी पडतो, वीज वाहू लागतो आणि शेजारच्या भागांचे पाय खातो. तोही खरवडून काढायचा असतो.

जिथे बोर्डच कोळसा झाला आहे तिथे आणखी सावध व्हावे. कोळशातून वीज वाहते. त्यावर नवा भाग बसवला तर दोन पायांमध्ये आपण न लावलेला एक रेझिस्टन्स कायमचा राहतो. काळा भाग स्वच्छ दिसेपर्यंत खरवडावा, गरज पडली तर भोक पाडून काढून टाकावा आणि जोडणी वायरने करावी.

इथपर्यंतचे काम कोणीही करील. खरे काम मीटरचे, कारण मोठे दोषी बाहेरून दिसत नाहीत. आउटपुट ट्रान्झिस्टर तपासताना मीटर डायोडवर ठेवावा. बेस-एमिटर आणि बेस-कलेक्टर यांच्यात एका बाजूने साधारण ०.५ ते ०.७ व्होल्ट दिसले आणि उलट बाजूने काही दिसले नाही, तर जोड शाबूत आहे. कलेक्टर-एमिटरमध्ये दोन्ही बाजूंनी शून्याजवळ आकडा आला आणि मीटर वाजला, तर ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे. पण सेटमध्ये ट्रान्झिस्टरच्या तीन-चार जोड्या समांतर असल्या की मीटर फसवतो. सगळ्यांचे कलेक्टर एकत्र असतात आणि एमिटर ०.२२ ओहमच्या रेझिस्टन्समधून एकत्र येतात, त्यामुळे एक शॉर्ट झाला की सगळेच शॉर्ट दिसतात. अशा वेळी सरसकट सारे उपटू नयेत. एमिटर रेझिस्टन्सचा एकेक पाय मोकळा करून खरा दोषी शोधावा. ०.२२ मोजतानाही लक्षात ठेवावे की मीटरच्या वायरींचाच ०.२-०.३ ओहम असतो. आधी दोन्ही टोके एकमेकांना टेकवून आकडा पाहावा आणि तो वजा करावा.

शॉर्ट झालेला आउटपुट सहसा एकटा जात नाही. कलेक्टरकडचे व्होल्टेज बेसमधून मागे शिरते. वाटेतला बेसचा लहान रेझिस्टन्स, त्याआधीचा ड्रायव्हर आणि कधीकधी बायसचा ट्रान्झिस्टर त्याच्याबरोबर जातात. म्हणून एका आउटपुटमागे त्या बाजूची सगळी साखळी तपासावी. नवे आउटपुट घालून जुना गळका ड्रायव्हर तसाच ठेवणे, हे दुसऱ्यांदा धूर निघण्याचे सर्वात नेहमीचे कारण आहे.

नवख्यांचा हमखास प्रश्न असतो: रेझिस्टन्स जळून काळा झाला, पट्टे दिसत नाहीत, किंमत कशी ओळखायची? पट्टे दिसले तरी विश्वास नको, कारण तापल्यावर लाल आणि नारंगी दोन्ही तपकिरीसारखे दिसतात. उत्तर बहुतेक वेळा त्याच बोर्डवर असते. स्टिरिओ सेटमध्ये दुसऱ्या चॅनलवर त्याच जागी तोच भाग बसलेला असतो. मोनो सेटमध्येही वरचा अर्धा आणि खालचा अर्धा बराचसा सारखा असतो, वरच्या बाजूचा बेस रेझिस्टन्स जळाला तर खालच्या बाजूचा पाहावा. तेही नसेल तर रेझिस्टन्सवरचा लेप हलकेच खरवडून एका टोकापासून जळक्या जागेपर्यंत आणि जळक्या जागेपासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजावे. दोहोंची बेरीज खऱ्या किमतीच्या थोडी खाली येते, पण अंदाज बांधायला पुरते.

शेवटचा मार्ग म्हणजे त्या भागाचे काम ओळखणे. काम कळले की किंमतही आटोक्यात येते आणि कारणही. उदाहरणार्थ, आउटपुटपासून अर्थपर्यंत बहुतेक सेटमध्ये १० ओहमचा रेझिस्टन्स आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर एकामागे एक लावलेले असतात. १ किलोहर्ट्झला हा कंडेन्सर सुमारे १,६०० ओहमसारखा वागतो, म्हणजे गाण्याच्या आवाजात या १० ओहममधून नाममात्र प्रवाह जातो आणि तो गरमही होत नाही. २०० किलोहर्ट्झला तोच कंडेन्सर ८ ओहमवर येतो. मग हा रेझिस्टन्स जळाला कसा? ॲम्प कानाला न ऐकू येणाऱ्या उंच वारंवारितेवर आपोआप थरथरत होता म्हणून. अर्थिंगची जोडणी सुटलेली असेल, लहान कंडेन्सर सुकलेला असेल, किंवा मागच्या कारागिराने वेगळ्या जातीचा ट्रान्झिस्टर बसवला असेल. ‘१० ओहम बदलला’ एवढेच लिहून सेट परत दिला तर तो पुन्हा येणारच.

बायसच्या ट्रान्झिस्टरचा प्रकारही असाच. सिलिकॉनचा जोड तापला की त्याचे बेस-एमिटर व्होल्टेज प्रत्येक अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट उतरते. बायस तेवढाच कमी केला नाही, तर ट्रान्झिस्टर जास्त प्रवाह घेतो, म्हणून जास्त तापतो, म्हणून आणखी प्रवाह घेतो, असे करत करत जळतो. हे थांबवण्यासाठी बायसचा लहान ट्रान्झिस्टर आउटपुटच्याच हीटसिंकवर कसलेला असतो. गाडीतून खडखडत फिरणाऱ्या सेटमध्ये त्याचा स्क्रू ढिला होतो. तो स्वतः जळत नाही, मीटरवर चांगला दाखवतो आणि चार महागडे ट्रान्झिस्टर संपवतो. जाळणारा कोण, याचे याहून चांगले उदाहरण नाही.

पुस्तिकेचा मोठा भाग सेटच्या बाहेरच्या कारणांना दिला आहे, कारण आपल्या भागात ती फार आहेत. पहिले कारण म्हणजे भार. मंडपात दोन बॉक्स पुरत नाहीत म्हणून आणखी दोन जोडले जातात. ८ ओहमचे चार बॉक्स समांतर जोडले की २ ओहम उरतात. ४० अधिक ४० व्होल्टवर चालणाऱ्या ॲम्पच्या आउटपुटमध्ये ८ ओहमला जास्तीत जास्त सुमारे ४० वॉट उष्णता होते, ४ ओहमला ८० आणि २ ओहमला १६०. आणि ही सर्वात जास्त उष्णता आवाज पूर्ण सोडल्यावर होत नाही, साधारण ४० टक्के ताकदीवर होते. म्हणून ‘आवाज तर अर्धाच होता’ हे मंडपवाल्याचे म्हणणे खरे असू शकते. नेहमीच्या सी-५२०० ट्रान्झिस्टरवर १५० वॉट लिहिलेले असते, ते कवच २५ अंशांवर असताना. वैशाखात, पत्र्याच्या मंडपात, कवच ७५ अंशांवर पोहोचले की त्याची पात्रता ९० वॉटच उरते.

भोंग्याच्या सेटचे गणित वेगळे. तिथे १०० व्होल्टची लाइन असते आणि प्रत्येक भोंग्यात आपला ट्रान्सफॉर्मर असतो. २५० वॉटच्या सेटला या लाइनवर ४० ओहमपेक्षा कमी भार चालत नाही, म्हणजे ५० वॉटचे पाच भोंगे झाले की जागा संपली. सप्ताहाच्या गडबडीत कोणी त्याच लाइनवर ८ ओहमचा साधा बॉक्स जोडला तर तो १,२५० वॉट मागतो. अशा सेटचे आउटपुट बदलण्याआधी मागच्या पट्टीवर कोणत्या स्क्रूला कोणती वायर होती, हे आणणाऱ्याला विचारावेच.

दुसरे कारण वीज. वाडी-पाड्यापर्यंत जाणारी लाइन लांब असते, संध्याकाळी व्होल्टेज पडते आणि मध्यरात्री चढते. त्याने सेट सहसा जळत नाही. जाळतो तो तुटलेला न्यूट्रल. डीपीवर किंवा मंडपाच्या जोडणीत न्यूट्रल सुटला की एखाद्या फेजवरच्या घरांत २३०च्या जागी ३००च्या वर व्होल्टेज येते. २३०चे ३२० झाले तर आतले ४० व्होल्ट ५५च्या पुढे जातात आणि ५० व्होल्टचे फिल्टर कंडेन्सर फुगतात. सप्लायमधले ब्रिज, कंडेन्सर आणि दोन्ही चॅनल एकदम गेलेले दिसले, तर शेजाऱ्यांचे टीव्ही आणि बल्बही त्याच रात्री गेले का, हे विचारावे. उत्तर ‘हो’ आले तर दोष सेटचा नाही. भाड्याच्या जनरेटरबाबतही हीच चौकशी करावी.

तिसरे कारण पाऊस आणि जीवजंतू. जूनमध्ये गोदामात ठेवलेला सेट गणपतीत बाहेर निघतो तेव्हा पट्ट्यांवर हिरवा गंज असतो, रिलेत मुंग्या असतात, हीटसिंकच्या मागे झुरळांची अंडी आणि कधी दोन पायांमध्ये चिकटून मेलेली पाल. भातसेच्या काठच्या घरांत पुराचे पाणी शिरले असेल तर सेट वाळला म्हणून चालू करू नये. पाणी जाते, चिखल राहतो. आधी धुणे, मग पुरते वाळवणे, मग मीटर.

चौथे कारण आपण स्वतः बसवलेले सुटे भाग. सी-५२०० आणि ए-१९४३ ही जोडी नकली मिळते हे सगळ्यांना माहीत आहे, तरी कार्यक्रम उद्यावर आला की कोण विचारतो? एक सोपी सवय सांगतो. गेलेला अस्सल ट्रान्झिस्टर पकडीने फोडून आतली चकती पाहून ठेवावी. नकली गेल्यावर तोही फोडावा. चकतीच्या आकारातला फरक डोळ्यांनी दिसतो. आसनगावहून लोकल पकडून लॅमिंग्टन रोडला गेलात तरी भाव फार पडलेला दिसला की संशय घ्यावा.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज देताना सिरीज बोर्ड हवाच. ६० किंवा १०० वॉटचा तारेचा पिवळा बल्ब सेटच्या आधी मालिकेत लावावा, एलईडीचा चालत नाही. बल्ब एकदा भगभगून मंद झाला तर ठीक, तो तसाच पूर्ण पेटून राहिला तर शॉर्ट अजून आहे. १०० वॉटच्या बल्बमधून अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह जातो, त्यामुळे नवे ट्रान्झिस्टर वाचतात. मग स्पीकर न जोडता आउटपुटवरचे डीसी मोजावे. ते ५० मिलिव्होल्टच्या आत असले तर स्पीकर जोडावा, काही व्होल्ट असले तर मुळीच नाही, कारण ते डीसी स्पीकरची कॉइल जाळते. जोराची चाचणी ८ ओहमच्या मोठ्या वायरवाउंड रेझिस्टन्सवर घ्यावी. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहे, आणि आपली रात्रपाळी तेव्हाच सुरू होते.

सुरक्षेबद्दल एकच पण पक्के सांगणे. प्लग काढला म्हणजे सेट मेला असे नव्हे. १०,००० मायक्रोफॅरडचे दोन कंडेन्सर ४० व्होल्टला भरलेले असतील तर त्यांची दोन टोके मिळून ८० व्होल्टचा दणका देतात. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून ते रिकामे करू नयेत, त्याने कंडेन्सर आणि पट्टी दोन्ही खराब होतात. १०० ओहमचा ५ वॉटचा रेझिस्टन्स काही सेकंद लावावा, मीटरने शून्य पाहावे आणि मगच हात घालावा.

पुस्तिकेत सर्किटचे शास्त्र गरजेपुरतेच आहे. ज्याला ते सविस्तर शिकायचे त्याच्यासाठी पाठ्यपुस्तके आहेत. इथे प्रत्येक प्रकरण एका दिसणाऱ्या खुणेपासून सुरू होते, काळा फ्यूज, फुगलेला कंडेन्सर, तडकलेले सिमेंट, आणि तिच्या मागे मागे कारणापर्यंत जाते. वाचताना समोर एखादा बंद सेट उघडा ठेवला तर जास्त उपयोग होईल.

वाचकांना एक विनंती. दुकानात एक वही ठेवा. प्रत्येक सेटपुढे तीन रकाने आखा: काय जळाले, कशाने जळाले, परत आला का. मधला रकाना रिकामा असेल तोवर सेट गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नका, मग दारात मंडपवाला उभा असला तरी.